टिटवाळ्याला निघालो, निरोप घरी पोचला

काशीला जाऊन आलेली माणसं आमच्या कोळीवाड्यात पुष्कळ आहेत. रामेश्वर करून आलेलेही दोघे-तिघे आहेत, आणि एकजण तर थेट मस्कतला जाऊन तिथल्या उन्हाला शिव्या देत परत आलाय. पण टिटवाळ्याला जायला निघून, टिटवाळा तेवढा वगळून बाकीचा सगळा मुलूख पाहून आलेला माणूस ठाणे जिल्ह्यात मी एकटाच. ज्यांना हा योग आला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. यात खोटं काही नाही. थोडं मोठं करून लिहीन, कारण बारीक लिहिलेलं म्हाताऱ्यांना दिसत नाही.

ठाणे

घरात फोन असणं म्हणजे दारात हत्ती झुलणं, त्या काळातली ही गोष्ट. माझी धाकटी बहीण कुसुम हिचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. पहिली पत्रिका टिटवाळ्याच्या गणपतीपुढे ठेवायची ही आमच्या घरची रीत, आणि ती ठेवायचा मान थोरल्या भावाचा, म्हणजे माझा. कारखान्यात रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला. आईनं पत्रिकेला हळद-कुंकू लावून माझ्या खिशात ठेवली आणि उंबऱ्यातच अडवलं.

"काश्या, काल सोनं घरी आलंय सोनाराकडनं. जाताना कुनाकडं बोलू नको."

"आय, मी कधी काय बोलतो का?"

माझी बायको मंदा आत लसूण सोलत होती. ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचं सूप उपडं झालं.

ते सोनं म्हणजे आईनं डोक्यावर मासळीची पाटी वाहून उभ्या जन्मात जमवलेलं. कुसुमच्या अंगावर ते चढलं की आईच्या डोक्यावरची पाटी उतरणार होती. एवढं लक्षात ठेवा, मग मी पुढं का धावलो ते कळेल.

कल्याण

ठाण्याच्या माणसाला रस्ता विचारला तर तो हात करून दाखवतो. कल्याणच्या माणसाला विचारला तर तो आधी विचारतो, तिथं जाऊन काय घेणार? मग सांगतो की तेच त्याच्या मेव्हण्याकडं स्वस्त मिळतं. शेकडो वर्षांचं व्यापारी गाव, दुसरं काय करणार! मला हे गाव आवडतं. इथल्या भजीवाल्याची मिरची अशी की एक खाल्ली आणि मला मुंब्र्याचा डोंगर दिसला. दुसरी खाल्ली, तर डोंगरापलीकडचं पनवेल.

भजी खायला वेळ मिळाला, कारण गाडी पुढं जाईना. कल्याण सोडल्यावर लगेचच मालगाडीचे डबे घसरले होते आणि वरची तार तुटून पडली होती. टिटवाळ्याकडं वाट बंद. थोड्या वेळानं ठाण्याकडचीही बंद. मधे अडकलेले आम्ही. फलाटावर माणसं एवढी की मी खिशातून रुमाल काढला तो तिसऱ्याच माणसानं नाक पुसून परत दिला.

अशात एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, छातीवर लाल फीत, आवाज साखरेसारखा.

"दादा, कुठून आलात? घरी कळवायचंय का काही? आम्ही प्रवाशांच्या मदतीला आहोत. ज्याच्या त्याच्या घरी निरोप पोचवतो. स्कूटर आहे माझी. पैसे नकोत हां, सेवा म्हणून करतो."

मी म्हटलं, देवमाणूस. बाजूला सरकून बसायला जागा दिली.

आता या माणसाचं एक सांगायला हवं. त्याच्याइतकं चांगलं ऐकणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी कळव्याच्या खाडीत जाळ्यात सापडलेल्या मगरीची गोष्ट सुरू केली, की घरचे उठून जातात, शेजारचे रेडिओ लावतात. हा मात्र पुढं सरकून म्हणाला, "मग दादा, ती मगर केवढी असेल?" असा श्रोता मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं. मी मगर तिथल्या तिथं दोन हात वाढवली.

मगरीवरून बोलणं होडीवर गेलं, होडीवरून घरावर.

"लग्नघर म्हणजे गडबड असेल," तो म्हणाला.

"गडबड? अहो, आमच्या कुसुमच्या अंगावर एवढं सोनं चढणार आहे की तिला बोहल्यापर्यंत न्यायला हमाल लागतील!"

"वा! आणि घरी आत्ता कोण आहे?"

"आय आणि बायको. कुसुम मावशीकडं गेलीय केळवणाला."

घर कुठलं, गल्ली कुठली, दारासमोर काय, सगळं सांगून झालं. मग उठता उठता तो म्हणाला, "दादा, अनोळखी माणसावर घरच्यांचा विश्वास बसत नाही. एखादी खूण सांगा."

आमच्यात ही पद्धत आहे, तुमच्यातही असेल. घरी कुणाबरोबर निरोप धाडला, की त्याला घरातली एखादी गोष्ट सांगायची, बाहेरच्याला ठाऊक नसेल अशी. काल दुधाचं पातेलं लवंडलं, परवा बांगडी फुटली, असलं काही. ती खूण पटली की निरोप खरा.

मी खूण सांगितली. म्हटलं, "बायकोला सांगा, काल राती मी खांद्यावरून चाळीस किलोचा घोळ मासा आणला आणि तिनं एकटीनं कापला."

त्यानं मान डोलावली, स्कूटरला लाथ मारली आणि गेला. मला फार बरं वाटलं. गाडी बंद पडून माणसाचा एवढा फायदा झालेला मी पाहिला नव्हता.

थोड्या वेळानं शेजारच्या बाकावरून एक बाई माझ्याकडं वळल्या. काठाची सुती साडी, नाकावर चष्मा, आवाज असा की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं. डोंबिवलीच्या लेलेबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या.

"काय हो, तुम्ही त्या गृहस्थांना घरचा पत्ता दिलात?"

"दिला की. सेवाभावी माणूस आहे."

"कुणी नेमलाय त्यांना?"

"रेल्वेनं नेमला असेल."

"असेल? मलाही विचारत होते पत्ता. मी म्हटलं, जरा थांबा, आलेच. आणि स्टेशनमास्तरांच्या खिडकीशी जाऊन विचारून आले. ते म्हणाले, आम्ही असं कुणालाही नेमलेलं नाही."

"मग त्याच्या छातीवर फीत?"

"फीत मीही लावू शकते. शाळेच्या संमेलनात शंभर मुलांना लावल्यात." बाईंनी चष्मा काढला. "अहो, गाड्या बंद पडल्या की माणूस गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाजवळ जो आपणहून येतो, त्याला आधी नमस्कार करावा आणि मग त्याच्या पाठीमागे जाऊन चौकशी करावी. तीही तो दाखवील त्या खिडकीत नाही, आपल्याला माहीत असलेल्या खिडकीत. तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत?"

मी सांगत गेलो आणि सांगता सांगता माझ्याच कानावर पडत गेलं. पत्ता. आय आणि बायको, दोघीच. सोनं. खूण.

"खूणसुद्धा?" बाई उभ्याच राहिल्या. "मग बसलात काय? पळा!"

पेंढ्यावरून शीळफाटा

कल्याणच्या एसटी स्टँडवर त्या दिवशी जी गर्दी होती तिचं वर्णन मी करणार नाही, कारण मी तिच्यात शिरलोच नाही. लेलेबाईंनाही डोंबिवलीला जायचं होतं, त्या माझ्याबरोबरच आल्या. रिक्षावाला ठाण्याचं नाव ऐकून म्हणाला, "शेठ, ठाणे? दुबई बोला, तिकडे लवकर पोचाल." तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं पेंढ्यानं भरलेला ट्रक आला. पेंढा एवढा उंच की वरच्या काड्यांत ढग अडकले होते. चालवणारा हिरामण, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गावातला आगरी माणूस, ठाण्याच्या तबेल्यांना पेंढा घालायचा.

"दादा, गारीत जागा नाय," तो म्हणाला. "मास्तरीनबाईंना आत घेतो. तुमी वर पेंढ्यावर बसा. पन बिडी नका ओढू, नायतर सगलेच लग्नाला पोचू, वरच्या."

माझ्या आयुष्यातला सर्वात उंच प्रवास तो. लोक विमानात बसतात आणि खिडकीएवढं आभाळ बघतात. मला सगळं मिळालं. लक्ष मात्र रस्त्यावर. उजव्या हाताला डोंबिवलीच्या नव्या बिल्डिंगा भाताच्या खाचरांत पाय सोडून उभ्या, डाव्या हाताला वीटभट्ट्यांचा धूर. समोरून येणारी प्रत्येक स्कूटर मला त्याचीच वाटे. एका बिचाऱ्या दूधवाल्याला मी वरून अशी शिवी हासडली की त्याच्या किटलीतल्या दुधाचं दही झालं असेल.

मानपाड्याला लेलेबाई उतरल्या. खालूनच ओरडल्या, "घरी पोचलात की मला पत्र टाका!"

"पत्ता द्या की बाई!"

बाईंनी पिशवी काखेत मारली. मग म्हणाल्या, "नको. शाळेच्या पत्त्यावर टाका," आणि निघून गेल्या. डोंबिवलीच्या माणसाला फसवायचं तर आदल्या जन्मापासून तयारी लागेल.

शीळफाट्याला तीन रस्ते येऊन मिळतात आणि तिन्ही रस्त्यांचे खिळेही तिथंच येऊन मिळत असावेत. ट्रकचं चाक बसलं. हिरामणनं शांतपणे जॅक काढला, मग तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"आधी चाक, हिरामणदादा! माझं घर लुटलं जातंय!"

"चाक हवा भरून येतंय पलीकडनं. तवर खा. उपाशी मानूस लवकर पोचत नाय." घास घेता घेता त्यानं विचारलं, "वहिनी भोली हाय काय?"

"भोळी? माझ्या बायकोला अजून कुणी बाजारात शिळी मासळी विकलेली नाही."

"मग कशाला घाबरता?"

"खूण सांगितलीय ना मी त्याला. खूण पटली की ती काय करणार?"

हिरामणचं चावणं थांबलं. आगऱ्यालाही कळलं. हळदीला चार दिवस आधीच नाचायला लागतात म्हणून आम्ही यांना हसतो, आमच्या लग्नात जेवणापेक्षा बँडवर खर्च होतो म्हणून हे आम्हाला हसतात. पण खुणेच्या निरोपापुढं दोघांचंही हसणं बंद. त्यानं भाकरी फडक्यात गुंडाळली, उठला, आणि हवा भरणाऱ्याला असं काही बोलला की चाक आपोआप गडगडत आलं.

मुंब्र्याचा बाजार आम्ही कसा ओलांडला ते मला विचारू नका. मी डोळे मिटले होते. कळव्याच्या पुलावर आलो तेव्हा खाली खाडीला ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडला होता, आणि पलीकडं आमची कौलं दिसत होती. पत्रिकेवर हात ठेवून मी गणपतीला म्हटलं, बाबा, तुझ्याकडं यायला निघालो होतो, हे लक्षात असू दे.

कोळीवाडा

गल्लीच्या तोंडाशी त्याची स्कूटर उभी होती. शेजारी एक रिक्षा, तिचं मीटर चालू.

पेंढ्यावरून मी उतरलो म्हणणं बरोबर नाही, पडलो. तसाच केसांत काड्या घेऊन गल्लीत धावलो. आमच्या दारात आळीतल्या बाया जमल्या होत्या आणि मधे मंदा. कासोटा घट्ट मारलेला, एका हातात फडक्यात बांधलेला डबा, दुसऱ्या हातात त्या देवमाणसाच्या शर्टाची कॉलर.

"चला ना भाऊ, चला! रिक्षा थांबवलीय," ती म्हणत होती.

"वहिनी, तुम्ही कशाला? तिकडं दवाखान्यात बायकांना सोडत नाहीत. दागिने माझ्याकडं द्या, डॉक्टर अनामत मागतायत, उशीर झाला तर पाय कापावा लागेल..."

"सोनं माझ्या कनवटीला हाय नि पेज माझ्या हातात. दोन्ही त्यांच्या म्होरं ठेवीन. मग डॉक्टरला काय घ्यायचं ते घेऊ दे."

"अहो पण मी किती वेळचा थांबलोय! आधी ती पेज शिजेपर्यंत थांबवलंत..."

"मंग? आजारी मानसाकडं रिकाम्या हातानं जातंय कुनी?" हे ओट्यावरून आई म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. आमच्याकडं रीतच आहे, दवाखान्यात जायचं तर पेज घेऊन. रॉकेल संपलेलं, चूल पेटवली, तांदूळ भाजून भरडले आणि रटरट शिजेपर्यंत ते गृहस्थ स्टुलावर बसून घाम पुसत होते. मीही आयुष्यात पुष्कळांना खिळवून ठेवलंय, पण असं नाही.

मी ओरडलो, "मंदा!"

तिनं वळून पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं.

"कंचा मोडलाय?"

"कुठलाच नाही. दोन्ही आहेत."

तिची मूठ सुटली. त्या एका क्षणात तो निसटला. समोर मी, मागं हिरामण, म्हणून तो घरांच्या फटीतून खाडीकडं पळाला. बाहेरचा माणूस. त्याला वाटलं, पाणी ओसरलंय म्हणजे जमीन झाली. पाच पावलांत गुडघ्यापर्यंत गेला, सातव्याला कमरेपर्यंत. मग तिथून असा ओरडायला लागला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. होड्या रंगवत बसलेल्या आमच्या माणसांनी दोर टाकला, मासळी काढावी तसा वर ओढला आणि तसाच ओला चौकीवर नेऊन दिला. त्याच्या छातीवरची फीत तेवढी चिखलानं ठेवून घेतली.

आळी माझ्याभोवती गोळा झाली. मी ओट्यावर बसलो, पाय पसरले आणि म्हटलं, "बघा, त्याला मुद्दामच मी खोटी खूण सांगितली. चाळीस किलोचा घोळ! मंदाला लगेच कळणार होतं की माणूस लबाड आहे."

"काय कळलं नाय," मंदा म्हणाली.

"अगं, पण काल रात्री घरात मासळी कुठं होती? वालाचं बिरडं नव्हतं का?"

"व्हतं. तो बोलला, तुमच्या मालकांनी खूण दिलीय, चाळीस किलोचा घोळ खांद्यावर आनला. आय माझ्याकडं बघते, मी आयकडं. या जगात एवढी थाप मारनारा एकच मानूस हाय. मी बोलले, निरोप त्यांचाच. म्हंजे खरंच कुटं तरी पडलेत." तिनं कनवटीवर हात ठेवला. "खूण पटली म्हनून तर सोनं काढलं."

बाया हसल्या. एरवी मीही हसलो असतो.

"मग त्याच्या हातात दिलं का नाहीस?"

"त्याच्या हातात कशाला? मला यायचं व्हतं ना."

आईनं मंदाच्या कनवटीची पुरचुंडी सोडून आत नेली, नग न नग चाचपून पाहिला आणि देवापुढं ठेवून बसली. कुसुमचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. पत्रिका पुढच्या मंगळवारी टिटवाळ्याला पोचली, आम्ही दोघं मिळून गेलो. तो प्रवास इतका सुरळीत झाला की त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लेलेबाईंना शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं. त्यात त्यांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं काढून पाठवल्या होत्या.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. आळी पांगल्यावर मंदानं फडकं सोडलं, डबा उघडला, वाडग्यात पेज ओतली आणि माझ्यापुढं आणून ठेवली.

"अगं, मला काय झालंय? चांगला धडधाकट आहे. हिरामणची भाकरी खाऊन आलोय."

"तुमच्यासाठी केलीय. खायची."

ती समोर बसली. गरम पेजेवर फुंकर मारायला म्हणून वाडगा तिनंच पुन्हा उचलला आणि पेज निवली तरी फुंकत राहिली. मी वाडगा तिच्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. पेजेत मीठ घालायचं ती विसरली होती. मी शेवटच्या शितापर्यंत प्यायलो.